अथेन्सला जाऊन टेकडी न चढलेले काका

विषय: अथेन्स सहलीबाबत तक्रार. ठिकाण: आयसेलिन, न्यू जर्सी. सन २००६, सप्टेंबर. तक्रारदार: आमच्या मजल्यावरचे एक काका; त्यांच्या विनंतीवरून नाव वगळले आहे. साक्षीदार: त्यांच्या पत्नी. लेखनिक: मी, ज्याच्याकडून येथील बरीच मराठी मंडळी अर्ज लिहून घेतात.

सदर काका वाक्य संपेपर्यंत मत बदलतात. "ऊन भयंकर हो, पण उजेड काय सुंदर! रस्त्यावर दुर्गंधी, पण संत्री लगडलेली झाडं!" मी तक्रार लिहावी आणि त्यांनी ती खोडायला लावावी, असे दोन कागद गेले.

अखेर मी ठणकावले, "काका, एकच मुद्दा सांगा. टेकडीवरचं ते प्रसिद्ध देऊळ कसं होतं?"

"वर फार गर्दी."

काकू हसल्या. "गर्दी कुठली? हे वर गेलेच नाहीत! चढ बघून माझा गुडघा बोलायला लागला. सगळा ग्रुप वर गेला आणि हे माझ्याशेजारी झाडाखाली तिळाचा पाव खात बसले. म्हटलं, तुम्ही तरी जा. ऐकतील तर शपथ!"

"तीस वर्षांपासून दोघांनी मिळून बघायचं ठरवलं होतं," काका जमिनीकडे बघत म्हणाले. "एकट्यानं काय बघायचं?"

मी तिसरा कागद घेतला आणि प्रवास कंपनीस पुढीलप्रमाणे लिहिले:

"सबब, गुडघे दुखणाऱ्या प्रवाशास टेकडीवर नेण्याची सोय आहे किंवा नाही, हे लेखी कळवावे. सोय असल्यास अर्जदारास पुढील सहलीत दोन जागा द्याव्यात. एक जागा चालणार नाही."