थोरलीचा तळतळाट

इस्त्रीवालीच्या तोंडाला कुलूप नव्हतं. ओलं बोट इस्त्रीला टेकवून चर्र झालं की तिचा दिवस सुरू व्हायचा आणि त्याबरोबर तोंडाचा पट्टाही. कॉलर वळेना, "मेली कुठली." वायर पुरेना, "तळपट होवो तुझं." शर्टाच्या खिशात विसरलेलं पेन सापडलं की मालकाचा उद्धार व्हायचा, आणि मग तेच पेन पुसून त्याच शर्टाच्या घडीवर नीट ठेवलं जायचं. गिऱ्हाइकं उशिरा आली की "कुठे उलथला होतात?" हे ऐकून हसत हसत कपडे घेऊन जायची. एखाद्या दिवशी काहीच ऐकायला मिळालं नाही, तर लोक तिच्या तब्येतीची चौकशी करायचे.

तिच्या शिव्याशापांनी कुणाचं काही बिघडलेलं नव्हतं. बिघडतं ते तळतळाटाने, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. शापाचं काय, बोलला की सुटला. तळतळाट बोलावा लागत नाही. ज्याचा जीव जळला तो नुसता गप्प बसला तरी पुरतं.

आणि एका माणसाच्या बाबतीत ती गप्प होती. तिची धाकटी जाऊ.

सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा त्यांचं सगळं थोरलीने केलं. कुशीवर वळवणं, भरवणं, चादरी धुऊन त्यांना इस्त्री करणं, कारण सुरकुती टोचते म्हणून म्हातारी रडायची. त्या गेल्या, आणि समाचाराला आलेल्या चार माणसांत धाकटी बोलून गेली, "शेवटी शेवटी पाणीसुद्धा वेळेवर मिळत नव्हतं हो त्यांना." थोरली तिथेच चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिने सगळ्यांना चहा दिला, धाकटीलाही दिला. तेव्हापासून दोघींत "ये, बस, निघालीस?" यापलीकडे शब्द नव्हता.

अशी कैक वर्षं गेली, आणि एके दिवशी धाकटा दीर तिच्या इस्त्रीच्या दुकानात आला आणि पडक्या चेहऱ्याने स्टुलावर बसला.

"वहिनी, तिच्या पोटात गाठ आहे. काढली की बरी होईल म्हणतात डॉक्टर. उद्याच ऑपरेशन ठेवलंय, पण ती ऐकतच नाहीये. म्हणते, थोरलीचा तळतळाट आहे, मी टेबलावरून उठणार नाही."

"भाऊजी, मी तिला आजवर एका शब्दाने दुखावलं नाही."

"तेच तर म्हणते ती. सगळ्या जगाला शिव्या घालतात, मला एक नाही."

थोरलीने इस्त्री बंद केली आणि अर्धा राहिलेला शर्ट तसाच टाकून ती त्याच्याबरोबर निघाली. 'माझ्या मनात काही नाही गं' असं सांगून टाकायचं, असं तिने वाटेत ठरवलं होतं. सगळे असंच सांगतात. पण दवाखान्यातल्या खाटेवर ते वाळलेलं तोंड दिसलं आणि तिला खोटं बोलवेना.

"ताई, खरं सांगा," धाकटी म्हणाली. "आहे ना?"

"आहे. इतकी वर्षं जळतंय आत. तुझं वाईट व्हावं असंही वाटलं होतं मला, नाही कशाला म्हणू? पण हे असं नव्हतं गं वाटलं."

धाकटीच्या डोळ्यांतून पाणी आलं. "सगळे तुमचंच कौतुक करत होते. मला बघवलं नाही. खोटं बोलले मी. आता माफ करा म्हणजे मी सुटले."

थोरलीला भरून आलं, आणि त्याहून जास्त राग आला. मेली सुटायला निघाली होती.

"अशी नाही मिळायची माफी," ती म्हणाली. "तेव्हा चार माणसांत बोललीस, आता चार माणसांतच सांगायचं. इथे झोपून माझ्या कानात नाही. होती तेवढी सगळी माणसं मी घरी बोलावते. तू यायचंस, आपल्या पायांनी, आणि सगळ्यांसमोर सांगायचंस."

"आणि नाही आले तर?"

"तर मात्र लागेल माझा तळतळाट. मेलीस तरी सोडायची नाही मी तुला."

धाकटीने डोळे पुसले. मग पायाशी उभ्या असलेल्या नवऱ्याला म्हणाली, "डॉक्टरांना हो म्हणून सांगा. मला ताईंच्या घरी जायचंय."