काख तपासणारी थोरा

थोरा ब्यार्नासनला गावातल्या बायका टाळायच्या, आणि त्यात तिचा कणभरही दोष नव्हता. कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांतात, सरोवराकाठच्या त्या गावात, छोट्याशा इस्पितळात, सोनोग्राफी करणारी ती एकटीच. सव्वीस वर्षं! एखादीच्या स्तनात कॅन्सर निघाला की तिची काख थोराकडे यायची, कारण हा मेला आजार पसरायला निघाला की बहुतेकदा आधी काखेतल्या ग्रंथी गाठतो. ग्रंथी धड असली तर घेवड्याच्या दाण्यासारखी दिसते, कड पातळ आणि मधे पांढरं. कड जाड झाली, पांढरं दिसेनासं झालं, की थोराला काय ते कळायचं. पण तोंडून एकच वाक्य निघायचं, "डॉक्टर सांगतील." नियमच तसा. फोटो शहरातले डॉक्टर बघणार आणि निदानही तेच करणार.

मग दुकानात, चर्चमध्ये बायका तिचा चेहरा वाचायला बघायच्या. नाही वाचता आला की रस्ता बदलायच्या. म्हणून तिनं सवय लावून घेतली होती. तपासताना चांगलं दिसो की वाईट, प्रत्येकीशी एकाच आवाजात सरोवरावरच्या बर्फाबद्दल बोलायचं. किती इंच झाला, कुणाची गाडी अडकली, बस्स.

नवरा गेल्यावर घरात शब्द बोलायला माणूस नव्हतं. होती ती एकटी स्वावा. दर रविवारी दुपारी कॉफीला यायची आणि गावभरच्या उखाळ्यापाखाळ्या काढून थोराला हसवून जायची. नवऱ्याबरोबर मासेमारी करणारी, तोंडाची फटकळ, पण मनानं मऊ बाई.

जानेवारीत त्याच स्वावाच्या डाव्या स्तनातली गाठ कॅन्सरची निघाली, आणि ती थोराच्या टेबलावर येऊन आडवी झाली.

"डाव्या हाताला काही लागलंय? जखम, पिकलेलं काही?" थोरानं नेहमीचा प्रश्न विचारला.

"छे गं! मला काय धाड भरलीय?"

थोरानं कागदावर 'नाही' लिहिलं. काखेत जेल लावलं, यंत्र टेकवलं, आणि तिसऱ्याच ग्रंथीवर तिचा हात थांबला. कड जाड. मधलं पांढरं गायब. मग ती बोलत सुटली. बर्फ, गाड्या, वारा, पुन्हा बर्फ.

"थोरा," स्वावा छताकडे बघत म्हणाली, "आज फार बोलतेस गं तू."

"नेहमीसारखंच तर बोलतेय."

"मला शिकवू नकोस. काय दिसलं ते सांग."

"डॉक्टर सांगतील."

"अगं, मी विचारतेय. मी! मलापण तेच?"

थोरानं यंत्र उचलून जागेवर ठेवलं. स्वावानं स्वतःच जेल पुसलं, स्वेटर चढवला. "राहू दे. तुझे नियम सांभाळ तू," म्हणाली आणि गेली.

त्या रविवारी ती आली नाही. फोनही उचलेना. शहरातल्या डॉक्टरांनी त्या ग्रंथीतून सुईनं तुकडा काढायला तिला तिकडेच बोलावलं, एवढं थोराला कळलं. निकाल लागला की कॉम्प्युटरची एक कळ दाबून तिला तो बघता आला असता. पण कामाशिवाय कुणाचे कागद उघडायचे नाहीत, हाही नियमच. तीन आठवडे ती रोज त्या कळीसमोर बसली आणि तीन आठवडे तिनं हात मांडीखाली दाबून धरले. जीव नुसता टांगणीला लागला होता.

शनिवारी वाणसामान घ्यायला गेली, तर गल्ल्यावरची गेर्डा म्हणाली, "सुटली गं बाई स्वावा! काखेत काही नाही. स्तनातली गाठ काढायची आहेच, पण पसरलेलं नाही. आणि ग्रंथी कशानं सुजली होती म्हणशील तर माशाच्या काट्यानं! डाव्या अंगठ्यात रुतला नि अंगठा पिकला होता. डॉक्टरनं पट्टी बघून विचारलं, तर ही म्हणते, याला काय जखम म्हणतात होय?"

ती पट्टी तपासणीच्या दिवशी थोरानंही पाहिली होती. या गावात माशाच्या काट्याला कुणी जखम म्हणत नाही, आणि थोरा याच गावात वाढलेली. तेव्हा खोदून विचारलं असतं, तर निदान स्वावाला तीन आठवडे एवढा घोर लागला नसता.

"पण तुला काय सांगायचं म्हणा," गेर्डा पिशवी भरत म्हणाली. "तुला तर सगळ्यांच्या आधी कळत असणार."

"हो तर," थोरा म्हणाली आणि पिशवी उचलून बाहेर आली.

गाडीत बसल्यावर तिला रडू फुटलं, ते निव्वळ आनंदानं. एवढी मोठी बातमी, कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवेना. तिनं फोन काढला, नावांची यादी वरपासून खालपर्यंत पाहिली. असलं काही झालं की ती आजवर एकट्या स्वावालाच सांगत आली होती.