उवांचं फायनल इन्स्पेक्शन

माझ्या नजरेतून काही सुटत नाही, असा बरीच वर्षं माझा समज होता. नुसता समज नाही, मला त्याचा पगार मिळतो. चाकणच्या एका कंपनीत मी फायनल इन्स्पेक्शनला आहे. गाडीत बसणारं ॲल्युमिनियमचं एक झाकण आमच्याकडे तयार होतं. ते हातात घ्यायचं, ट्यूबलाइटखाली फिरवायचं, कुठे छिद्र, ओरखडा, डाग आहे का पाहायचं. चांगलं असेल तर हिरवी टिकली, नाहीतर लाल पेटी. हे काम इतकं अंगात भिनलंय की कुणाकडे हळदीकुंकवाला गेले तरी आधी कपाचा टवका दिसतो, मग चहा. नवरा म्हणतो, मला पाहायला आला तेव्हा मीच त्याचं इन्स्पेक्शन केलं होतं. खरं आहे, आणि टक्कल पडणार हे मला तेव्हाच दिसलं होतं.

तर अशा बाईच्या घरात उवा झाल्या.

डिसेंबरातला रविवार होता. चौथीतल्या लेकीला न्हाऊ घालून मी गॅलरीतल्या उन्हात बसवलं होतं. तिचे केस कमरेपर्यंत. वेणीसाठी भांग पाडला, तर त्या भांगातून एक ऊ डावीकडून उजवीकडे निवांत चालत गेली. आमच्या चिखलीत रस्ता इतक्या निवांतपणे कुणालाच ओलांडता येत नाही. मी किंचाळले. किंचाळणं ऐकून नवरा तोंडात ब्रश घेऊन धावत आला. त्याला वाटलं, गॅस गळतोय.

बीडकडे गावी असलेल्या आईला फोन लावला. ती शांतपणे म्हणाली, "उवाच झाल्यात ना? मग रडायलीस कशाला? शाळेत जाणाऱ्या लेकराच्या डोक्यात न्हाई व्हायच्या तर कुणाच्या? फणी आण, उन्हात बस अन् रोज काढ. अन् तुझं बी डोकं कुणाकडून तरी बघून घे."

हे शेवटचं वाक्य मी कानाने ऐकलं आणि तिथेच सोडून दिलं. मी क्वालिटीवाली. माझ्या डोक्यात काय असणार?

मेडिकलवाल्याकडे गेले. दुकानात चार माणसं होती, म्हणून मी काउंटरवर वाकून अगदी हळू आवाजात औषध मागितलं. तो आतल्या पोऱ्याला ओरडला, "अरे, उवांची बाटली दे रे! आणि फणी!" चारही माणसं एकेक पाऊल मागे सरकली. मी बाटली पिशवीत टाकून मान खाली घालून निघाले, आणि वाटेत उगीचच मनातल्या मनात नवऱ्यावर चिडले.

घरी मात्र मी रंगात आले. कंपनीत एखादा लॉट खराब निघाला की काय काय करायचं ते मला पाठ आहे. तेच घरी सुरू केलं. उशांचे अभ्रे, चादरी, रुमाल, शाळेचा स्वेटर, सगळं गरम पाण्यात. लेकीचा कंगवा वेगळा, त्याला लाल दोरा. लेकीची उशीही वेगळी, तिच्यावर लाल रिबन. नवऱ्याचंही डोकं तपासलं. तिथे दोन मिनिटांत काम झालं, कारण तपासायला पीकच नव्हतं. रोज संध्याकाळी फणी, पांढरा कागद आणि माझी दोन नखं. लिखा काढताना लेक मान हलवायची, मी ओरडायचे, आणि ती म्हणायची, "आई, मी झाकण नाहीये."

इथवर ठीक होतं. पण आमच्या धंद्यात नुसता दोष काढून भागत नाही, त्याचं मूळ शोधावं लागतं. त्यासाठी 'व्हाय-व्हाय' नावाचा एक तक्ता असतो. एकाखाली एक पाच चौकोन. दोष का आला? त्याचं कारण पहिल्या चौकोनात. ते कारण का घडलं? दुसऱ्या चौकोनात. असं पाच वेळा 'का' विचारत गेलं की शेवटच्या चौकोनात मूळ सापडतं. मी लेकीच्या रफ वहीचं पान फाडलं आणि तिला समोर बसवून चौकशी सुरू केली. उवा का झाल्या? कुणाच्या तरी डोक्याला डोकं लागलं. का लागलं? एका उशीवर झोपून टीव्ही पाहतो. एका उशीवर का? कारण शेजारच्या वहिनींकडे एकच मोठी उशी आहे. तिसऱ्या चौकोनातच मला मूळ दिसायला लागलं. पाचव्यात मी लिहिलं: समोरचं घर.

समोरचं घर म्हणजे आमच्या दाराला दार असलेलं घर. तिथल्या वहिनी ब्लाउज शिवतात. माहेर दापोडीचं, आवाज खणखणीत, हात चपळ. त्यांची लेक आणि माझी लेक एकाच वर्गात. शाळा साडेबाराला सुटते, मी कंपनीच्या बसने घरी येते साडेचारला. मधले चार तास माझी लेक त्यांच्याकडे जेवते, अभ्यास करते, भांडते, झोपते. दोन्ही घरांची दारं दिवसभर उघडी. मशीनचा आवाज आमच्या स्वयंपाकघरात येतो आणि आमच्या फोडणीचा वास त्यांच्याकडे जातो. त्यात आता शाळेचं गॅदरिंग जवळ आलं होतं. दोघींचा जोडीने कोळीनृत्याचा नंबर होता, आणि रोज दुपारी वहिनींच्या हॉलमध्ये प्रॅक्टिस चालायची.

मी तो तक्ता हातात घेऊन समोर गेले. आज आठवलं तरी अंगावर काटा येतो. तोंडी काही सांगितलं असतं तर कदाचित हसण्यावारी गेलं असतं. पण मी लेखी पुरावा नेला. म्हटलं, "वहिनी, राग मानू नका, पण उवा तुमच्याकडून येताहेत. हे बघा, मी नीट काढलंय. ट्रीटमेंट होईपर्यंत मुलींना वेगळं ठेवू."

वहिनींनी कागद वाचला. पाचही चौकोन सावकाश वाचले. त्यांची मुलगी मागे दाराला टेकून उभी होती, डोकं खाजवत. ते पाहून मला तर आणखीच जोर आला.

"तुमच्या घरात कोण कोण तपासलं?" त्यांनी विचारलं.

"सगळे," मी म्हणाले.

"बरं," त्या म्हणाल्या. कागद घेतला आणि दार लावून घेतलं.

आठ वर्षांत ते दार दिवसा बंद झालेलं मी पहिल्यांदा पाहिलं. दुसऱ्या दिवशीही ते बंदच होतं. मशीनचा आवाज बंद दारामागून दबका यायचा. नवऱ्याला शिफ्ट बदलून थर्ड घ्यावी लागली, म्हणजे दुपारी लेकीजवळ कुणीतरी असेल. तो दिवसभर झोपायचा आणि लेक त्याच्या घोरण्यावर पाढे म्हणायची. "अगं, उवांमुळे मी रातपाळी करतोय हे सुपरवायझरला कसं सांगू?" तो म्हणायचा. "काय कारण लिहू?" मी त्याला म्हटलं, घरगुती अडचण लिही. त्याने तेच लिहिलं, आणि त्याच्या मित्रांनी त्याला विचारलं, "भावा, वहिनी माहेरी गेल्या का?"

लेक रडली नाही, आणि मला त्याचाच त्रास झाला. ती गॅलरीत एकटी नाच करायची. जोडीचा नाच. वल्हं मारायची, मग बाजूला कुणी आहे असं धरून हात पुढे करायची, तो हात तसाच थोडा वेळ ठेवायची आणि पुढचं पाऊल टाकायची. चौथ्या दिवशी मी विचारलं, "शाळेत तरी बोलता ना दोघी?" ती म्हणाली, "बाईंनी तिला दुसऱ्या बाकावर बसवलंय. तिच्या आईने सांगितलं तसं. तू म्हणालीस ना वेगळं ठेवायचं." मला तोंडात मारल्यासारखं झालं. पण मी मागे हटले नाही. तक्ता बरोबर होता ना! बरोबर माणसाने मागे का हटायचं?

आठवडा उलटला. समोरचं दार बंद, सगळं गरम पाण्यात, बाटली सांगितल्याप्रमाणे वापरलेली, आणि तरी रविवारी फणी फिरवली तर पुन्हा तीन धडधाकट उवा. लिखांमधून नुकत्या निघालेल्या बारक्या नव्हेत, चांगल्या वयात आलेल्या. मी कागदावर त्यांच्याकडे पाहत राहिले. समोरचं घर तर मी बंद केलं होतं. मग ह्या कुठून आल्या?

उत्तर मंगळवारी सकाळी दहाच्या सुमाराला कंपनीत मिळालं. मी आणि शेजारच्या टेबलावरची मैत्रीण काम करत होतो. ती चाकणजवळच्याच गावातली, बोलायला रोखठोक. आम्हाला डोक्याला कापडी टोपी असते, आणि तिच्याखाली मला दिवाळीपासून खाज येत होती. घाम असेल, धूळ असेल, टोपीचं कापड असेल. मी सवयीने टोपीत पेन घालून खाजवलं, पुढचं झाकण उचललं, दिव्याखाली धरलं. चकचकीत पृष्ठभागावर एक काळा ठिपका. मी मार्कर उचलला, ठिपक्याभोवती गोल केला आणि म्हटलं, "डाग आहे, रिजेक्ट."

मैत्रीण वाकून बघत म्हणाली, "आवं ताई, तुमचा डाग चालतोय."

डाग खरंच चालत होता. मी काढलेल्या गोलाच्या रेषेपर्यंत तो आला, थोडा थांबला आणि रेष ओलांडून बाहेर गेला.

मैत्रीण इतकी हसली की तिला टेबल धरावं लागलं. "लाजायचं काय त्यात, आमच्याकडं तर दर साली व्हत्यात," ती म्हणाली. "घरी कोन बघत न्हाई व्हय तुमचं डोकं?"

क्वालिटीत लागले तेव्हा पहिल्याच दिवशी शिकवलेली गोष्ट अशी की पार्ट मोजण्याआधी गेज तपासायचा. ज्या मापाने मोजायचं तेच चुकीचं असेल तर हजार पार्ट मोजून उपयोग नाही. आमच्या प्रत्येक गेजवर तपासणीचं स्टिकर असतं, आणि ते नसेल तर मी गेजला हात लावत नाही. घरात मी उशा तपासल्या, टक्कल तपासलं, समोरचं घर तपासल्याशिवायच नापास केलं. गेज तेवढा तपासला नाही. माझी खाज दिवाळीपासूनची, लेकीची पंधरा दिवसांची. आमच्या टोप्या चेंजिंग रूममध्ये एकाच खुंटीवर असतात आणि घाईत हाताला येईल ती आपली. माझ्या डोक्यात कुठून आल्या ते देव जाणे, पण माझ्याकडून लेकीकडे आणि लेकीकडून त्या मोठ्या उशीवर, हे कळायला मला तक्ता लागला नाही.

बसमध्ये परत येताना मी रोजच्यासारखी सीटला डोकं टेकून झोपले नाही. ताठ बसले. लाजेने अगदी पाणी पाणी झालं होतं. आणि गंमत म्हणजे उवांची लाज त्यात कुठेच नव्हती. ती वहिनींच्या "बरं"ची होती.

घरी न जाता मी समोरची बेल वाजवली. वहिनींनी दार अर्धं उघडलं. गळ्यात मापाची टेप, तोंडात टाचणी.

"तो कागद आहे का तुमच्याकडे?" मी विचारलं.

त्या आत गेल्या. मला वाटलं, फाडून टाकला असेल. पण त्यांनी मशीनच्या ड्रॉवरमधून आणून दिला. मागच्या कोऱ्या बाजूला कुणाच्या तरी ब्लाउजची मापं लिहिली होती. मी पर्समधून कंपनीचं पेन काढलं, दारावरच कागद धरला, पाचव्या चौकोनातलं 'समोरचं घर' खोडलं आणि तिथे लिहिलं: मी. मग अंबाडा सोडला आणि त्यांच्या उंबऱ्यावर बसले. "वहिनी, चुकलं माझं," मी म्हणाले. पुढे बरंच बोलायचं ठरवलं होतं, ते सोडून मी डोकं खाली केलं.

वहिनींनी टाचणी तोंडातून काढून टेपला खोचली. "सरका उजेडात," त्या म्हणाल्या. येताना मेडिकलमधून घेतलेली नवी फणी माझ्या पर्समध्ये होतीच. त्यांनी माझ्या डोक्यात बोटं घातली, भांग पाडला, आणि लगेच ओरडल्या, "अहो ताई, इथे तर वस्ती झालीय! पाणी, लाइट, सगळं आलंय!"

मी हसले आणि हसता हसता रडायला लागले. माझ्या डोक्यावरून असा हात फिरून अकरा वर्षं झाली होती. माहेरी आई अंगणात बसवून बघायची. लग्न होऊन इकडे आले, तेव्हापासून मी घरातल्या सगळ्यांची डोकी पाहते, नवऱ्याच्या टकलालाही तेल लावते. माझं कुणी पाहिलं नाही, आणि कुणी पाहावं असं मी कुणाला म्हटलंही नाही. वहिनी टचकन एकेक ऊ मारत होत्या. प्रत्येक टचक्याबरोबर मला हलकं वाटत होतं.

माझा आवाज ऐकून लेक आमच्या घरातून बाहेर आली. उंबऱ्यावर आई केस सोडून बसलेली, वहिनी मागे. आमच्या बाजूने वाट काढून ती सरळ आत गेली, आणि दोन मिनिटांत हॉलमधून "तू चुकीचा पाय टाकलास" असं भांडण ऐकू आलं. मागून नवरा डोळे चोळत दारात आला, आम्हाला पाहिलं आणि म्हणाला, "म्हणजे मी उद्यापासून फर्स्ट शिफ्ट?"

पाऊण तासाने वहिनींनी फणी कागदावर झटकली. मग ती माझ्या हातात दिली आणि माझ्याकडे पाठ करून बसल्या. वेणीचा रबर सोडत म्हणाल्या, "आता तू माझं बघ."

आठ वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा 'तू' म्हटलं. मी त्यांचे केस बाजूला केले. दाट, तेलाने मऊ केस. कानामागे एक सापडली. मी ती अगदी हळूच नखावर घेतली, आवाज होऊ नये म्हणून हात पदराखाली नेऊन मारली आणि म्हटलं, "काही नाही, एकदम ओके." इतक्या वर्षांच्या नोकरीत मी पहिल्यांदाच दोष लपवला.

टचकन झालेला आवाज त्यांनी ऐकलाच असणार. पण त्यांनी मान आणखी थोडी खाली केली आणि म्हणाल्या, "नीट बघ. मला घाई नाही."