एक बोट बोनस, दोन बोटं रिकामी

बाळांनो,

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर मोठा इतका चिडलेला होता की समोरचं ताट तसंच होतं. त्याच्या कॉलेजचा अमेरिकन फुटबॉलचा संघ हरला होता. “आजी, अख्ख्या स्टेडियमला माहीत असतं की पहिल्या चालीला बॉल घेऊन मधूनच पळणार. फक्त कोचला वाटतं ते गुपित आहे!” मी हसले. त्याला राग आला आणि त्याने फोन आईच्या हातात दिला. मी त्याला हसले नव्हते. का हसले ते फोनवर सांगायचं राहिलं, कारण तुमच्याकडे नेहमी कुणालातरी कुठेतरी निघायचं असतं. म्हणून लिहायला बसले. शब्द अडले तर आईला विचारा.

डोंबिवलीत आमच्या इमारतीच्या मागे कॉलेजचं मैदान आहे. तिथल्या मुलींच्या कबड्डी संघाचे सामने तुमचे आजोबा आणि मी निवृत्तीनंतर बघायला लागलो. सोबत कोपरीची माझी मैत्रीण. आम्ही दोघींनी एकाच शाळेत शिकवलं, मी इंग्रजी आणि ती गणित. माझं कपाट तुम्ही पाहिलं आहे, घडीवर घडी. पण मॅटच्या कडेला मला एका खुर्चीवर बसवत नाही. उठते, पुन्हा बसते, पदर खोचते, सोडते. आजोबा म्हणतात, “अगं, तू बघतेस की खेळतेस?”

कबड्डी तुम्हाला ठाऊक आहे. एकीने चढाईला पलीकडे जायचं, कुणालातरी शिवून दम असेपर्यंत परत यायचं. मागच्या बोनस रेषेपलीकडे पाय टेकवला तर एक गुण जास्तीचा. आमच्या संघाचे सर बाकड्यावरून बोटांनी खुणा करायचे. एक बोट म्हणजे बोनसला जा. दोन बोटं म्हणजे रिकामी चढाई, नुसतं जाऊन या, धोका नको. आणि मूठ म्हणजे डावीकडे पाय मार. एक, दोन, मूठ. पुन्हा एक, दोन, मूठ. फार पूर्वी कधीतरी या क्रमाने त्यांनी एक चषक आणला होता, तेव्हापासून तो बदलला नाही. माणूस वाईट नव्हता. मुलींना घरी पोचेपर्यंत फोन करायचा, कुणाचा पाय मुरगळला तर स्वतः रिक्षात घालून न्यायचा. पण सुचायचं मात्र तेवढंच.

आमच्या वैतागाची हळूहळू एक रीतच झाली. सरांचं बोट वर गेलं की आम्ही प्रेक्षक एका सुरात ओरडायचो, “बोनस!” दोन बोटं दिसली की, “रिकामी!” मूठ दिसली की मैत्रीण पायरीवर चप्पल आपटायची. सगळं तसंच घडायचं. मग आम्ही कपाळावर हात मारायचो आणि त्यातच एक समाधान असायचं. आपलं बरोबर आलं, याचं.

मागच्या वर्षी प्राचार्यांनी स्पष्ट सांगितलं की यंदा कॉलेजांच्या स्पर्धेत मुली उपांत्य फेरीत पोचल्या नाहीत, तर त्यांचा संघ बंद. मॅट गुंडाळायची आणि ती खोली जिमला द्यायची. कप्तान मुलगी टिटवाळ्याची होती, शेवटच्या वर्षाला. तिचं स्वतःचं खेळणं तसंही संपतच आलं होतं. पण तिच्या मागच्या मुली पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या होत्या. त्यांना घरून संध्याकाळी बाहेर राहू देत, ते फक्त या संघापायी.

उपांत्यपूर्व सामना ठाण्यात होता, टेंभी नाक्याजवळच्या एका शाळेच्या हॉलमध्ये. समोरचा संघ ठाण्यातल्याच एका कॉलेजचा. पहिल्या डावातच आमच्या मुली आठ गुणांनी मागे पडल्या. सरांनी एक बोट दाखवलं, आम्ही “बोनस!” ओरडलो, आणि कप्तानाचा पाय रेषेकडे जाण्याआधीच त्यांची कोपऱ्यातली उंच मुलगी घोट्यावर झेपावली. पकड. पुढच्या वेळीही तेच. आम्ही आणखी मोठ्याने ओरडलो.

मैत्रिणीने माझं कोपर धरलं. “अगं, ती उंच पोरगी सरांकडे बघतच नाही. आपल्याकडे बघतेय.”

“काहीतरीच काय.”

“बघ तू.”

मी बघितलं. चढाई सुरू व्हायच्या आधी ती मुलगी मान वळवून आमच्या रांगेकडे बघत होती. तुमच्या आजोबांनी तर तिला हातही केला होता!

“अहो, हात काय करताय?”

“मला वाटलं, ओळखीची आहे.”

आम्ही सगळे गप्प झालो. इतका वेळ सरांना नावं ठेवत होतो आणि समोरच्या संघाला सगळं आम्हीच सांगत होतो. मला खुर्चीत बसवेना. भिंतीपाशी जाऊन उभी राहिले, पुन्हा आले.

मध्यंतरात कप्तान पाणी प्यायला आमच्या बाजूला आली. “आजी, गप्प काय बसलात सगळे? ओरडा ना.”

“अगं बाई, त्यांना कळतंय त्याने.”

“माहितेय. मी मघाशीच बघितलेलं.” तिने तोंडावर पाणी मारलं. “कळू दे. सर जे दाखवतील तेच ओरडा. अजून जोरात. बाकी मी बघते.”

“आणि सर?” मैत्रिणीने विचारलं.

“सर काढतील मला बाहेर. काढू देत. तोपर्यंत करते ना काहीतरी.”

दुसऱ्या डावात सरांचं एक बोट वर गेलं. आम्ही घसा फाटेस्तोवर “बोनस!” ओरडलो. उंच मुलगी झेपावली, कप्तानाने पुढे केलेला पाय मागे घेतला आणि तिच्या पाठीवर थाप मारून परत आली. दोन बोटं. “रिकामी!” पलीकडच्या मुली सैल उभ्या राहिल्या, आणि ही सरळ आत घुसून दोघींना शिवून आली. सर उभे राहिले. त्यांनी पुन्हा दोन बोटं दाखवली, जवळजवळ तिच्या तोंडासमोर नाचवली. तिने मान डोलावली आणि पुन्हा घुसली. एकदा पकडलीही गेली, तेव्हा सरांनी आमच्याकडे असं पाहिलं की जणू आम्हीच तिला पाठवली. पण गुण सरकत होते. दोन गुणांचं अंतर राहिलं तेव्हा त्यांनी वेळ मागून घेतली आणि कप्तानाला बाहेर काढलं.

तिच्या जागी शेवटच्या चढाईला दुसऱ्या वर्षाची एक लाजरी मुलगी गेली. सराव बघताना मी तिचा आवाज कधी ऐकला नव्हता. सरांनी मूठ दाखवली. आम्ही ओरडावं की नाही? आजोबा म्हणाले, “ही तर सरांचं ऐकणारी आहे. गप्प राहा.” कप्तान बाकड्यावरून आमच्याकडेच बघत होती. मैत्रिणीने कुणाला न विचारता चप्पल आपटली. मग आम्ही सगळेच ओरडलो, “डावीकडे!”

समोरच्या मुली डावीकडे सरकल्या. लाजरी उजवीकडे गेली. तिघींनी तिला धरली, आणि ती त्या तिघींना ओढत मध्यरेषेला बोटं टेकवून पडली. तीन गुण, आणि सामना संपल्याची शिट्टी वाजली. एका गुणाने जिंकलो. मी रडत होते की ओरडत होते, मला सांगता येणार नाही.

प्राचार्यांनी सत्कार सरांचा केला. सर भाषणात म्हणाले, “शिस्तीने खेळलं की असं होतं.” कप्तान टाळ्या वाजवत होती. उपांत्य सामन्यात आम्ही सपाटून हरलो, तो सरांच्याच क्रमाने खेळून. पण शब्द दिलेला होता, तो प्राचार्यांनी पाळला.

कप्तान आता कल्याणला नोकरी करते. लाजरी या वर्षी कप्तान आहे. सर आहेत. मॅटची एक कड उसवली आहे, तिला चिकटपट्टी लावली आहे. मुलींचा संघ चालू आहे.