सुनेचं ताट

आमच्या गल्लीतले निवृत्त सुभेदार समोरच्याला मध्येच तोडून, ‘मला समदं ठावं हाय,’ म्हणतात. गरोदर सुनेचा हिपॅटायटिस बीचा, म्हणजे काविळीचा, रिपोर्ट निगेटिव्ह आला. निगेटिव्ह म्हणजे वाईटच, असं समजून त्यांनी तिचं ताट ओसरीवर वेगळं मांडलं. माझं डोकंच फिरलं.

“आवं, निगेटिव्ह म्हंजे तिला ती कावीळ न्हाईच! आन् असती तरी ताटानं पसरत न्हाई.”

“मग डॉक्टरनं लस कशाला सांगितली?”

“म्होरं हुऊ नये म्हणून!”

त्यांना पटलं होतं, ते चेहऱ्यावर दिसत होतं. मग आवाज खाली आणून म्हणाले, “आता सुनंसमोर मी चुकलो म्हणू व्हय?”

त्या दुपारीही ती पोर ओसरीवरच जेवली.