चार स्क्रू

दादा गेल्याचा फोन शेजारच्या भाभींनी केला. "भाई, जल्दी आवो, तमारा दादा गया..." मी वाघोडियाहून सुभानपुऱ्यात पोचलो, तेव्हा फाटकाशी जमलेले लोक 'विमानवाळा काका' म्हणूनच हळहळत होते. बावीस वर्षं नंदेसरीच्या कारखान्यात घाम गाळलेल्या माझ्या थोरल्या भावाचं हे नाव. जे कधी उडलंच नाही, त्यावरून पडलेलं.

परदेशी माल मागवणं सोपं झालं, त्या वर्षांत दादाने सुट्या भागांचं विमान मागवलं. खोकी आली. लग्न केलेलं नव्हतं, त्यामुळे विचारणारंही कोणी नव्हतं. पोर्चमध्ये पत्रे टाकून हा गडी सहा वर्षं एकेक रिवेट ठोकत बसला. कधी उडणार म्हणून येणारे-जाणारे विचारत, "काका, क्यारे उडशे?" दादा मान वर न करता म्हणे, "आवती दिवाळीए." दिवाळ्या येत गेल्या, आणि विमान खरोखरच पुरं झालं. राहिली होती फक्त सरकारी तपासणी.

तपासणीचे साहेब 'या आठवड्यात' येणार, एवढंच पत्रात होतं. ते आले नेमके खंडेनवमीला. दादा पाळीवर, मी सुट्टीसाठी त्याच्याकडे आलेलो. सकाळीच दादाने पाने, ड्रिल, स्क्रूड्रायव्हर पाटावर मांडून हळद-कुंकू वाहिलं होतं. आमच्याकडे त्या दिवशी पूजेतली हत्यारं हलवत नाहीत, दसऱ्याला सकाळी उचलायची. साहेबांनी पंखाखालच्या एका झाकणावर बोट ठेवलं. "बस, ये एक खोल दीजिए."

मी म्हणालो, "साहब, आज औजारों की पूजा है. कल आइए."

साहेब हसले, कागदावर काहीतरी लिहिलं आणि निघून गेले. महिन्याभराने पत्र आलं: तपासणीस नकार, अर्ज निकाली. नव्याने अर्ज करायचा तर तपासणी पहिल्या रिवेटपासून, म्हणजे सगळं विमान उसवून. हाताखालून हजारो कागद गेलेल्या त्या माणसाला एक दिवस थांबता आलं नाही, याचा राग माझा अजून गेलेला नाही. पण त्याच्यावर रागावणं सोपं आहे. पाटावरचा स्क्रूड्रायव्हर माझ्यापासून दोन हातांवर होता. आणि खरं सांगायचं तर दादा त्या पत्र्याच्या डब्यात बसून वर जाणार, हे मला नको होतं. देवाचं नाव पुढे केलं, भीती माझी होती.

पत्र वाचून दादा एवढंच म्हणाला, "बरोबर केलंस. पूजेतल्या हत्याराला हात लावायचा नसतो." त्याने मला चार शिव्या हासडल्या असत्या तर आज बरं वाटलं असतं... पुढे अकरा वर्षं तो रोज ते विमान पुसत राहिला. मी गेलो की चहा करायचा, आणि विमानाविषयी आम्ही दोघेही बोलत नसू.

त्याला जाऊन पाच आठवडे झाले आणि खंडेनवमी आली. मी पूजा मांडली नाही. त्याचा स्क्रूड्रायव्हर घेतला, पंखाखाली पाठीवर निजलो आणि ते झाकण उघडलं. आत प्रत्येक नटाला तारेची घट्ट गाठ, प्रत्येक गाठीशेजारी आवळून तपासल्याच्या खुणेचा लाल ठिपका, कुठे धुळीचा कण नाही. दादाने सगळं दाखवायला तयार ठेवलं होतं.

झाकणाला स्क्रू चार होते. उघडायला दोन मिनिटंही लागली नाहीत.