मामांचं मत

मतदान हे उपाशीपोटी करायचं धर्मकृत्य आहे, असं मानणारा माणूस अख्ख्या नाशकात एकच होऊन गेला आणि तो माझ्या बायकोचा मामा होता. सातपूरच्या एका कारखान्यात फोरमनकी करून निवृत्त झालेले मामा पंचवटीत राहत. मतदानाच्या दिवशी पहाटे गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, स्नान, मग पूजा, मग केंद्रावर पहिला नंबर. बोटाला लावायच्या शाईत काय काय घालतात, याची त्यांनी एकदा इतकी सविस्तर चौकशी केली की मागची रांग थेट रस्त्यावर गेली.

धर्माचं नाव घेणारा पक्ष एकच, तेव्हा मामांचं मत ठरलेलं, असं सगळे धरून चालत. मामा मात्र दर निवडणुकीला नव्याने परीक्षा घेत. मत मागायला येईल त्याला पाट देत आणि विचारत, "आज काय आहे?" नव्वदच्या दशकातली गोष्ट. धर्मवाल्या पक्षाचा उमेदवार म्हणाला, "मंगळवार." तासाभराने दुसरा आला. देवधर्म ज्याचा त्याने घरात करावा, असं म्हणणाऱ्या पक्षाचा. तो म्हणाला, "अंगारकी. आईचा उपास आहे, चंद्रोदयाच्या आत घरी पोचायचंय." मामांना दोन दिवस जेवण गेलं नाही. मला म्हणाले, "जावईबापू, ज्याला धर्म हवा त्याला चतुर्थी ठाऊक नाही आणि ज्याला ठाऊक आहे त्याचा पक्ष असा. माणसाने करायचं काय?" शेवटी मत पहिल्यालाच दिलं; पण पुढे दर पाडव्याला त्याच्या घरी एक पंचांग पोचतं करू लागले.

दोन हजारनंतरच्या महापालिका निवडणुकीत धर्मवाल्या पक्षाच्याच नव्या उमेदवाराने गल्लीतल्या मारुतीसमोर नारळ ठेवला आणि प्रत्येकाला त्यावर हात ठेवून मताची शपथ घ्यायला लावली. गल्लीने घेतली. मामांनी हात मागे घेतला. "मत देईन. पण त्यासाठी देवाला जामीन ठेवणार नाही."

"म्हणजे मामा, तुम्ही फिरलात," उमेदवार सर्वांसमोर म्हणाला.

त्या आठवड्यात मामांकडे सत्यनारायण होता. गल्लीतलं एकही माणूस तीर्थप्रसादाला आलं नाही. प्रसाद टाकायचा नसतो, म्हणून सव्वा किलो रव्याचा शिरा मामा, मामी, बायको आणि मी असे चौघेच चार दिवस खात होतो.

मतदानाला मीच त्यांना स्कूटरवरून नेलं. परतताना न राहवून विचारलं, "कुणाला दिलंत?"

"त्यालाच."

"एवढं होऊनही?"

"मत पक्षाला दिलंय. त्याच्याशी माझा अबोलाच आहे."

तो निवडून आला. भर दुपारी ढोल, गुलाल, गल्लीतून मिरवणूक. मामा धोतर सावरत गॅलरीत जाऊन उभे राहिले. उघडी जीप खालून सावकाश गेली, मागून सगळे शेजारी नाचत गेले. मामी म्हणाल्या, "आत या, ऊन लागेल." ढोलांचा आवाज पार विरेपर्यंत मामा तिथेच होते. मग आत आले, चष्मा पुसला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "एकाने तरी वर बघायला हवं होतं हो."